निव्वळ वजन

लघवीला जळजळ, दोन दिवस कणकण.
डॉक्टरांनी दहा गोळ्या लिहून दिल्या,
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.
पांढऱ्या, लांबट, मधोमध चीर.
पाकीट खिशात टाकून मी काट्यावर गेलो.
सावद्याच्या बाहेर केळीच्या गाड्या लागल्या होत्या, दिल्लीच्या.

एकवीस वर्षं हेच करतो.
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
एकीतून दुसरी वजा,
उरेल ते निव्वळ.
पावती फाडायची. वाद नाही.

तिसऱ्या रात्री झोप दारापर्यंत आली
आणि तिथेच उभी राहिली,
तिला आत घेणारं घरात कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी
काचेतले लाल आकडे, सोळा टन चारशे वीस,
माझ्याकडे बघून एकमेकांना खुणा करू लागले.
ड्रायव्हर चहाला उतरला
आणि मला कळलं की तो उतरलेलाच नाही,
त्याने वजनात स्वतःला लपवलंय.
मी तीन पावत्या चावून गिळल्या.
पुरावा नको.

संध्याकाळी प्रमिलाने कळण्याची भाकर वाढली, वर तेल, ठेचा.
मी म्हणालो, यात काय टाकलंस?
ती हसली.
मग हसली नाही.
मग मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही.
पारोळ्याचं एक स्थळ आलं होतं तिला, माझ्या आधी,
त्या माणसाचं नाव घेतलं मी, आडनावासकट.
चौतीस वर्षांत एकदाही मनात न आलेलं
असं घडाघडा बाहेर पडलं
जसं पाठच करून ठेवलं होतं.

गल्ली जमली.
कोणी म्हणे ऊन लागलं,
कोणी म्हणे चिंचेखालून आला अवेळी.
वहिनीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या,
ठसका कोणालाच आला नाही,
म्हणजे लागलंय, नक्की.
बाजेवरून म्हातारे धोंडूआप्पा म्हणाले,
"याच्या काकाले बी असंच झालतं, बांधून ठेवाचे त्याले."
दोरी बघायला कोणी तरी गेलंही होतं.

जळगावात रात्रीचे दोन.
डॉक्टर म्हणजे पोरगीच, तिशीचीही नसेल,
छातीवर पाटी, तडवी.
तिने मला विचारलं, आज वार कोणता?
मी सांगितलं, सोळा टन.
मग ती प्रमिलाकडे वळली,
या चार दिवसांत नवीन काय सुरू झालं?
"नवं काही नही व माय, साधी गोयी आहे लघवीची."
"दाखवा ती साधी."
पिशवीतून पाकीट निघालं,
सात खड्डे रिकामे, तीन भरलेले.
तिने उजेडात धरून मागचं बारीक वाचलं.
होतं असं, म्हणाली. क्वचित. वय झालं की जरा जास्त.
बंद करा, दुसरी देते.

एवढंच.
ना दोरी, ना अंगारा.
आठवड्याभरात आकडे पुन्हा नुसते आकडे झाले.

प्रमिलाने कपाटाच्या दारावर, गॅसच्या नंबराखाली,
गोळीचं नाव लिहिलंय, इंग्रजीत,
पाकिटावर बघून एकेक अक्षर.
पुढे मराठीत : यांना देऊ नये.

सगळे म्हणतात, गोळी होती ती.
मीही म्हणतो.
पण दुपारी गाड्या नसल्या की हिशेब मांडून बसतो,
भरलेला मी, त्यातून गोळी वजा,
उरेल तो निव्वळ.
जमत नाही.
गोळीला पारोळा कुठून माहीत?

प्रमिलाही म्हणते, गोळीच होती, सोडा आता.
भाकर वाढते,
आणि ताट माझ्याकडे सरकवण्याआधी
कडेचा एक तुकडा मोडून
स्वतःच्या तोंडात टाकते, माझ्यादेखत, रोज.
मी कधी तसं कर म्हणालो नव्हतो.